पन्नाशीनंतरचे वजन: काटा पाहावा, पट्टा पाहावा, की आणखी काही?

मध्यान्ह

मी ५३ वर्षांचा आहे. पस्तिशीत माझे वजन ६८ किलो होते आणि गेल्या वर्षी ते ८१ किलो भरले. मधल्या अठरा वर्षांत माझे काम खुर्चीत बसून करण्याचेच होते आणि जेवणही, मला वाटते, साधारण तेवढेच राहिले. ज्याला विचारावे तो ‘वय झाले की चयापचय मंदावते’ एवढे सांगून मोकळा होतो.

शेवटी मी रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले आणि रोज एक तास चालू लागलो. पाच महिन्यांत वजन ८१ वरून ७३ किलोवर आले आणि सर्वांनी कौतुकही केले. परंतु याच काळात जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, जमिनीवर बसलो तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले आणि परवा एक घट्ट बसलेले झाकण माझ्याने न उघडल्यामुळे ते पत्नीने उघडले. आठ किलो उतरूनही कंबरेचा पट्टा मात्र एकच भोक आत सरकला आहे.

वजन कमी झाले याचा आनंद मानावा, की काहीतरी चुकले आहे असे समजावे? आपले अनुभव वाचायला आवडतील.

कासवगती

आनंदच मानावा. गणित सरळ आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात, म्हणजे १३ किलोंचे साधारण एक लाख झाले. अठरा वर्षांच्या ६५७० दिवसांनी भागले तर दिवसाला फक्त १५ उष्मांक जास्त येतात. इतकी छोटी वाढ कोणाच्या लक्षात येणार? त्यामुळे ‘जेवण तेवढेच होते’ या आपल्या म्हणण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ते चूक आहे, हेही तितकेच खरे.

तिरकस

काट्यावर एका पायावर उभे राहावे की दोन, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतील. माझा अनुभव असा की डोळे मिटून उभे राहिल्यास वजन कधीच वाढत नाही.

शंकासुर

कासवगती यांचा भागाकार बरोबर असला तरी त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. शरीर म्हणजे बचत खाते नव्हे. वजन वाढले की ते शरीर चालवण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्चही वाढतो. त्यामुळे रोज १५ उष्मांक जास्त घेतले तर वजन थोडेसे वाढून तेथेच थांबते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला ढोबळ नियम असा की रोजच्या आहारात कायमचा सुमारे २४ उष्मांकांचा फरक पडला तर कालांतराने वजनात सुमारे एका किलोचा फरक पडतो. या हिशेबाने १३ किलो जास्त वजन टिकवून ठेवण्यासाठी आज रोजचे सुमारे ३०० उष्मांक पस्तिशीपेक्षा जास्त लागत असणार. ते खाण्यातून आले की हालचाल घटल्यामुळे उरले, हे मध्यान्ह यांनीच तपासावे.

चयापचयाविषयीही एक मोठा गैरसमज आहे. हर्मन पॉन्ट्झर यांच्यासह अनेक संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च पाहिला होता. चरबी वगळून उरलेल्या शरीराच्या प्रमाणात पाहिले तर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने घटतो. तेव्हा चाळिशी-पन्नाशीत सुटलेल्या पोटाचा आळ चयापचयावर घेणे अन्यायाचे आहे.

कासवगती

गृहीतक चुकले, मान्य. पण मग ३०० उष्मांक म्हणजे माझ्या पंधरांपेक्षा मध्यान्ह यांची परिस्थिती जास्तच वाईट झाली की!

अस्थिपंजर

मी भौतिकोपचार करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक मध्यान्ह यांचीच कहाणी सांगतात, म्हणून सविस्तर लिहिते.

शंकासुर यांच्या प्रतिसादातील ‘चरबी वगळून उरलेल्या शरीराच्या प्रमाणात’ हे शब्द निसटून जाऊ नयेत, कारण सगळी गोम तेथेच आहे. ते उरलेले शरीर म्हणजे मुख्यतः स्नायू, हाडे आणि अवयव. त्यांतील स्नायू तिशीनंतर हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. स्नायूंच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक झपाट्याने उतरते, त्यामुळे मांडी दिसायला तेवढीच राहते आणि जिना मात्र उंच वाटू लागतो. या झिजेला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘मांसाचे दारिद्र्य’ असा होतो.

आता मध्यान्ह यांच्या आठ किलोंकडे येऊ. केवळ खाणे कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा, त्यातही बराचसा स्नायूंचा असतो. आपण रात्रीचे जेवण तोडताना प्रथिनेही तोडली असणार, आणि चालण्याने मांड्यांच्या स्नायूंवर पुरेसा भार येत नाही. त्यामुळे आपल्याबाबतीत हा हिस्सा त्याहून मोठा असण्याची शक्यता मला वाटते. पट्टा फारसा सरकला नाही आणि झाकण उघडले नाही, या दोन गोष्टी काट्यापेक्षा जास्त खरे बोलत आहेत.

चांगली बातमी अशी की स्नायू वयाचा दाखला मागत नाहीत. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वृद्धाश्रमातील, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे भारयुक्त व्यायाम करून घेतले होते. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या तुलनेत आपण तर अजून मिसरूड फुटलेले आहात.

एक विनंती: हाताची घडी छातीशी ठेवून, साध्या खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजून येथे लिहा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी.

चालता-बोलता

अस्थिपंजर यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु ‘चालण्याने भागत नाही’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजपणे फेकले जाते की त्याला विरोध करणे मला कर्तव्य वाटते. मी ६९ वर्षांचा आहे, गेली २६ वर्षे रोज चालतो आणि माझा रक्तदाब आजही गोळीशिवाय ताब्यात आहे.

व्यायामाचा हृदयाशी संबंध आहे हे मुळात कळले तेच चालण्या-चढण्यातून. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढून-उतरून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. स्वतः मॉरिस ९९ वर्षे जगले. आणि ज्यांना दहा हजार पावलांच्या आकड्याची धास्ती वाटते त्यांनी लक्षात ठेवावे की तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच तो होता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला ४४०० पावले चालणाऱ्यांतही २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि सुमारे ७५०० पावलांनंतर आणखी लाभ दिसला नाही.

अस्थिपंजर

आपले सर्व मुद्दे मान्य आहेत आणि आपण चालणे मुळीच सोडू नये. मात्र मॉरिस यांचे वाहक नुसते चालत नव्हते, ते दिवसभर जिने चढत होते, हे आपणच लिहिले आहे. जिना म्हणजे स्वतःच्या शरीराचे वजन एका पायावर उचलणे. आपण सपाटीवर चालता की चढावर?

चालता-बोलता

सपाटीवर. आपला प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. विचार करतो.

सांजवेळ

येथे आतापर्यंत कोणी पाळी जाण्याविषयी बोलले नाही, म्हणून मी लिहिते. ४९ ते ५२ या काळात माझे वजन फक्त तीन किलोंनी वाढले, पण सगळे कपडे बदलावे लागले. पूर्वी मांड्या आणि नितंबांवर बसणारी चरबी पोटावर आली होती. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की चरबीची जागा अशी बदलते, आणि त्याच सुमारास हाडेही वेगाने विरळ होऊ लागतात, हे मला डॉक्टरांनी हाडांची घनता तपासल्यावर समजावून सांगितले. काट्याला यातले काहीच दिसत नाही. तीन किलो म्हणजे तीन किलो, इतकेच तो सांगतो.

वजने उचलण्याचा सल्ला मिळाला तेव्हा मी घाबरले होते, कारण ‘ठिसूळ हाडांनी जड उचलू नये’ हेच आजवर ऐकले होते. नंतर वाचनात आले की २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांना दोन गटांत विभागले होते. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली चांगली जड वजने उचलली, तर दुसऱ्या गटाने घरी हलके व्यायाम केले. पहिल्या गटात कण्याच्या हाडांची घनता वाढली. ‘देखरेखीखाली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मीही पहिले चार महिने शिक्षिकेशिवाय काही उचलले नाही.

पहिल्या दिवशी व्यायामशाळेत सर्वत्र माझ्या मुलाच्या वयाची मुले होती आणि मला दारातूनच परत फिरावेसे वाटले. आज सात वर्षांनी माझे वजन तेव्हापेक्षा एक किलोने जास्त आहे आणि कंबर सहा सेंटिमीटरने कमी आहे.

जुना_खेळाडू

एक इशारा नोंदवतो. मी महाविद्यालयात असताना धावपटू होतो. ४८ व्या वर्षी पुन्हा सुरुवात केली ती मनातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या वेगाने, आणि तिसऱ्या आठवड्यात पोटरीचा स्नायू फाटला. दहा आठवडे घरी बसलो आणि त्या काळात साडेचार किलो वाढलो. स्नायूंना ताकद लवकर येते, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडर फार सावकाश तयार होतात, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. खरे तर सांगितले होते, मी ऐकले नाही.

तिरकस

माझ्या मनातला एकोणीस वर्षांचा मुलगाही आळशीच होता. त्यामुळे मला आजवर कोणतीही दुखापत झालेली नाही.

अर्धविराम

हा धागा वाचताना थोडी अस्वस्थता वाटली, ती मोकळेपणाने मांडते. मी ५५ वर्षांची आहे, नोकरी करते आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करते. रात्री दोनदा उठावे लागते. माझे वजन चार वर्षांत नऊ किलो वाढले आहे आणि त्यातला काही भाग झोपमोडीचा आहे, काही भाग मनावरच्या ताणाच्या गोळ्यांचा आहे, हे मला ठाऊक आहे. मला प्रत्येक जण ‘स्वतःसाठी एक तास काढ’ असे सांगतो. तो तास कोठून काढायचा हे कोणी सांगत नाही. वजन हा सगळा इच्छाशक्तीचा प्रश्न असल्यासारखे बोलणे मला क्रूर वाटते.

अस्थिपंजर

अर्धविराम, आपला राग योग्य आहे. काही औषधांनी वजन वाढते ही वस्तुस्थिती आहे: स्टेरॉइड, मधुमेहावरील काही औषधे आणि इन्सुलिन, नैराश्यावरील काही गोळ्या. त्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत, पण पर्याय आहे का असे डॉक्टरांना जरूर विचारावे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हेही खरे आहे.

तासाविषयी एवढेच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले असले, तरी ‘सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजेत’ ही पूर्वीची अट त्यांनी काढून टाकली आहे. दोन मिनिटेही हिशेबात धरली जातात. आईंना कुशीवर वळवणे, उठवून बसवणे हे आपण रोज करता आणि तो भारयुक्त व्यायामच आहे. फक्त तो पाठीने न करता गुडघे वाकवून, मांड्यांच्या जोरावर कसा करावा हे कोणाकडून तरी एकदा शिकून घ्या. आपल्या पाठीची मला वजनापेक्षा जास्त काळजी वाटते.

अर्धविराम

धन्यवाद. पाठ दुखते हे मी लिहिलेही नव्हते.

शंकासुर

सांजवेळ यांनी काट्याचा आंधळेपणा नेमका दाखवला. यावरून आठवले: डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र छापले होते. उंची-वजनाच्या प्रमाणाने काढलेला दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हा निर्देशांक मुळात एकोणिसाव्या शतकात अडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मनुष्यसमूहांचा अभ्यास करताना काढला होता. एकेका माणसाचे आरोग्य ठरवणे हा त्याचा हेतू नव्हता. एखाद्या व्यक्तीसाठी कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे का, ही साधी कसोटी अधिक उपयोगी पडते. सुतळीच्या एका तुकड्याने काम होते.

नवागत

एक भाबडा प्रश्न. हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. ती असताना हा सारा खटाटोप कशासाठी?

शंकासुर

प्रश्न भाबडा नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड हे असेच एक इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले, आणि पूर्वीच्या कोणत्याही गोळीला इतके यश मिळालेले नव्हते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मात्र त्याच चाचणीतील लोकांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा औषध थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलेले दिसले.

अस्थिपंजर

आणि भूक मेल्यामुळे प्रथिने कमी पडतात, स्नायू झिजतात. म्हणजे मध्यान्ह यांचीच गोष्ट, फक्त अधिक वेगाने. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्यांना वजने उचलण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर: प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम हे प्रमाण सांगितले जाते, परंतु पासष्टीपुढच्यांसाठी १ ते १.२ ग्रॅमची शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ मध्ये केली आहे. ७० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ७० ते ८४ ग्रॅम, आणि तेही एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागून घेतलेले बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कासवगती

थोडे विषयांतर वाटेल, पण माझ्या मूळ भूमिकेच्या बचावार्थ लिहितो. स्नायूंच्या उत्साहात वजनाला अगदी क्षुल्लक ठरवू नका. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या २००२ च्या मोठ्या चाचणीत ३२३४ लोक होते. आहारात बदल, आठवड्याला १५० मिनिटे हालचाल आणि वजनात ७ टक्के घट, एवढेच उद्दिष्ट एका गटाला दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्यांत तर जीवनशैली बदलण्याचा लाभ ७१ टक्के होता. मध्यान्ह यांनी उतरवलेले आठ किलो म्हणजे जवळपास १० टक्के होतात. त्यांनी काही वाईट केले, असे वातावरण येथे होऊ नये.

सांजवेळ

कासवगती यांच्याशी पूर्ण सहमत, हे लिहिताना मलाच आश्चर्य वाटते आहे.

चालता-बोलता

परवापासून सपाटीचा रस्ता सोडून चढाचा धरला आहे. पहिल्याच दिवशी तीनदा थांबावे लागले. २६ वर्षांचा अभिमान जरा उतरला. पण फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांनी २०१२ मध्ये शंभराव्या वर्षी सायकलवर एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले, आणि नंतर दोन वर्षे शास्त्रशुद्ध सराव करून १०२ व्या वर्षी २६.९२७ किलोमीटर. शंभरीनंतर माणूस अधिक वेगवान होऊ शकतो, तर मला एकोणसत्तराव्या वर्षी चढ चढायला हरकत नसावी.

मध्यान्ह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण खुर्चीचा निकाल लिहायला संकोच वाटत होता. ३० सेकंदांत अकरा वेळा. आणि शंकासुर यांच्या सुतळीनेही मला दगा दिला: उंची १७० सेंटिमीटर, कंबर ९१.

कासवगती यांनी माझी बाजू घेतली याचे बरे वाटले, परंतु ते ३०० उष्मांक कोठून आले याचा शोध मी घेतला. पस्तिशीत मी कामावर जाता-येता मिळून पाऊण तास चालत असे आणि चौथ्या मजल्यावर राहत असे, तेथे उद्वाहन नव्हते. ‘काम तेच होते’ हे मी लिहिले ते खरे, पण कामाच्या आजूबाजूचे सारे बदलले होते आणि ते मला अठरा वर्षांत दिसले नाही.

अस्थिपंजर

संकोच कशाला? साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषांत १४ पेक्षा कमी वेळा उठणे हे सरासरीखालचे मानतात, तेव्हा अकरा हा आकडा त्रेपन्नाव्या वर्षी नक्कीच कमी आहे. पण तो सुधारण्यासारखा आहे. सध्या वजन आणखी उतरवण्याचा विचार बाजूला ठेवा. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा, त्यात प्रथिने असू द्या. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर आणि पायरीवर चढ-उतार, एवढ्यानेच आरंभ करा. प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘आणखी दोन-तीनच जमले असते’ असे वाटले पाहिजे. दहा जमले असते असे वाटले तर भार कमी पडतो आहे. महिनाभराने हातात वजन घ्या. छातीत दुखले, भोवळ आली तर मात्र थांबून आधी डॉक्टरांकडे जा.

मध्यान्ह

तीन महिन्यांनी धागा वर आणतो आहे. खुर्ची: सोळा वेळा. कंबर: ८७, म्हणजे सुतळी अजून दोन सेंटिमीटर कमी पडते. वजन: ७४, म्हणजे एक किलोने वाढले, आणि हे पाहून ज्यांनी पूर्वी कौतुक केले होते त्यांनी आता काळजी व्यक्त केली आहे. जमिनीवरून उठताना एक हात अजून लागतो, तो कसा सोडवावा?

अस्थिपंजर

आधी गुडघा टेकून उठण्याचा सराव करा: एक पाऊल पुढे, दुसरा गुडघा जमिनीवर, आणि पुढच्या पायाच्या टाचेवर जोर. दोन्ही बाजूंनी रोज पाच-पाच वेळा. हात मांडीवर ठेवला तरी चालेल, जमिनीवर ठेवू नका.

तिरकस

आणि झाकणाचे काय झाले?

मध्यान्ह

ते अजूनही पत्नीच उघडते. मी व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तीही माझ्याबरोबर करू लागली, आणि तिची खुर्ची एकोणीसवर आहे.